फियाट, फिटर आणि मी

२०२३ च्या ऑक्टोबरच्या शेवटी मुंबईची पद्मिनी टॅक्सी संपली. शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची होती आणि मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मुदत. म्हणजे ३० तारखेला उजाडलं तेव्हा ती गाडी टॅक्सी राहिली नव्हती. त्या दिवशी सगळ्या ग्रुपांवर जुने फोटो, जुनी गाणी आणि जुन्या मुंबईबद्दलचे उमाळे यांचा नुसता महापूर आला होता. ज्यांनी आयुष्यात कधी मुंबईत टॅक्सी केली नाही तेसुद्धा हळवे झाले होते!

फिटरचा मात्र मला एकाच शब्दाचा मेसेज आला. "गेली."

एखाद्या घरातून फोन यावा तसा. मी ऑफिसात होतो, समोर बिल्ड फेल झालेला होता, पण तो शब्द काही डोक्यातून जाईना. आणि त्या संध्याकाळीच मी ठरवलं की ह्या माणसावर एक छोटीशी फिल्म करायची. दहा मिनिटांची. जास्त नाही.

फिटर हे अर्थातच त्याचं खरं नाव नाही. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी, म्हणजे २००१ साली, वर्कशॉपच्या तासाला आम्ही बाकीचे लोखंडाचा तुकडा कानशीनं घासून घासून रडकुंडीला आलेलो असताना हा गडी आपला जॉब संपवून सरांच्या स्कूटरचा प्लग साफ करत बसला होता. तेव्हापासून तो फिटर. खरं नाव लिहायचं नाही ही त्याची अट आहे, आणि त्याच्या अटी मी अलीकडे फार पाळतो. का ते पुढे येईलच.

त्याच्याकडे १९७९ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. मोतिया रंगाची. त्याच्या बाबांनी १९८७ साली सेकंडहँड घेतलेली. आमच्याकडे कोणी तिला पद्मिनी म्हणत नाही, फियाटच म्हणतात. आणि ते बरोबरच आहे म्हणा. मूळची ती इटलीची फियाट ११००. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीनं कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून ती 'फियाट ११०० डिलाइट' म्हणून बनवली आणि पुढे सत्तरच्या दशकात तिला चितोडच्या राणीचं नाव मिळालं. त्याच्याही आधी पन्नासच्या दशकातली जी गोलमटोल फियाट होती तिला आपले लोक 'डुक्कर फियाट' म्हणायचे. प्रेमानंच! १०८९ सीसीचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली, सकाळी चोक ओढल्याशिवाय उठायची नाही. ही सगळी माहिती मला आता पाठ आहे. तेव्हा यातलं काहीही मला माहीत नव्हतं. मला गाडीतलं एवढंच कळतं की पेट्रोल संपलं की ती थांबते.

आता फिल्मबद्दल. डॉक्युमेंटरी म्हटलं की आपल्या पिढीच्या डोळ्यांसमोर, खरं म्हणजे कानांसमोर, काय येतं? फिल्म्स डिव्हिजन! थिएटरात पिक्चरच्या आधी लागायची ती. धरणाचं पाणी, ट्रॅक्टर, आणि वरून देवासारखा एक धीरगंभीर आवाज. तो आवाज कोणाचा, त्याला हे सगळं कसं ठाऊक, हे विचारायची सोय नाही. मी काही वर्षांपूर्वी एका वीकएंड वर्कशॉपला गेलो होतो तिथे कळलं की हा फक्त एक प्रकार झाला. बिल निकोल्स नावाच्या अभ्यासकानं माहितीपटांचे सहा प्रकार पाडलेत. त्यातल्या एकात दिग्दर्शक भिंतीवरच्या माशीसारखा गप्प बसून बघत राहतो. दुसऱ्या एकात तो स्वतःच चित्रात उतरतो, प्रश्न विचारतो, वाद घालतो. ह्या दुसऱ्याला 'सहभागी' माहितीपट म्हणतात.

मला माशी व्हायचं होतं. स्वभावच तसा आहे. मीटिंगमध्येसुद्धा मी कॅमेरा बंद ठेवून बसणारा माणूस!

तर नोव्हेंबरात एका रविवारी फोन, ट्रायपॉड आणि कॉलरला लावायचा एक माइक घेऊन मी त्याच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये हजर झालो. पहिला तास ट्यूबलाइटनं खाल्ला. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, फोनचं रेकॉर्डिंग सेकंदाला ३० फ्रेम्सचं, त्यामुळे स्क्रीनवर ट्यूबलाइट नुसती लुकलुकत होती. २५ फ्रेम्स आणि शटर १/५० ठेवलं तेव्हा शांत झाली. मग मी कोपऱ्यात उभा राहिलो आणि म्हटलं, "चल, तू तुझं काम कर. मी इथे नाहीच असं समज."

फिटरनं बॉनेट उघडलं, कॅमेऱ्याकडे वळला, हात जोडले आणि म्हणाला, "नमस्कार मित्रांनो! आज आपण बघणार आहोत की जुन्या गाडीची काळजी कशी घ्यायची!"

मी कपाळाला हात लावला.

प्रोग्रॅमिंगमध्ये बगची एक जात असते. प्रोग्रॅम नुसता चालवला की तो बग येतो, पण डीबगर लावून बघायला जावं तर गायब. आमच्या धंद्यात त्याला 'हायजेनबग' म्हणतात. बघायला गेलात की बदलणारी गोष्ट. फिटरचं तसंच झालं होतं. वीस-बावीस वर्षं मी ज्याला ओळखतो तो माणूस कॅमेरा लागला की गायब व्हायचा आणि त्याच्या जागी कुठल्यातरी चॅनेलवरचा निवेदक यायचा. दोन रविवार असे गेले. पाऊण तासाचं शूटिंग, त्यात वापरण्यासारखे चार सेकंद. तेसुद्धा मांजराचे.

तिसऱ्या रविवारी काय झालं, की त्याला कॉन्टॅक्ट पॉइंट सेट करायचे होते. डिस्ट्रिब्यूटरमध्ये दोन इवलेसे धातूचे ओठ असतात, ते उघडतात-मिटतात तेव्हा ठिणगी पडते. त्यांच्यामधली फट नेमकी ठेवावी लागते. पार्किंगमध्ये अंधार होता, आणि तो ओरडला, "अरे ते खेळणं ठेव बाजूला आणि बॅटरी धर इकडे!" मी फोन ट्रायपॉडवर तसाच चालू ठेवला आणि बॅटरी धरायला गेलो.

"दहा-अकराचा पाना दे."

मी दिला.

"हा बारा-तेराचा आहे, गाढवा."

आणि फिटर परत आला! म्हणजे खराखुरा. पुढची चाळीस मिनिटं तो मला शिव्या देत, शिकवत, मधूनच बाबांची नक्कल करत बोलत राहिला. फीलर गेज सापडत नव्हतं म्हणून खिशातलं माझंच व्हिजिटिंग कार्ड फाडून त्याचा तुकडा पॉइंटच्या फटीत घालून माप घेतलं. "बघ, तुझ्या कंपनीचा काहीतरी उपयोग झाला," असंही वर म्हणाला. घरी येऊन फूटेज बघितलं तर अर्ध्या फ्रेममध्ये माझी पाठ. पण ती चाळीस मिनिटं जिवंत होती.

तेव्हा मला ते वर्कशॉपमधलं आठवलं. जाँ रूश आणि एदगार मोरँ ह्या दोघांनी १९६० च्या उन्हाळ्यात पॅरिसमध्ये शूट केलेला एक माहितीपट आहे, 'क्रॉनिकल ऑफ अ समर'. १९६१ साली आला. त्यात रस्त्यावरच्या लोकांना थांबवून विचारतात, तुम्ही सुखी आहात का? बास, एवढाच प्रश्न. त्यात रेनो गाड्यांच्या कारखान्यातला एक कामगारही आहे. रूशचं म्हणणं साधारण असं होतं की कॅमेऱ्यामुळे माणूस बदलतो हे लपवण्यात काय अर्थ आहे? कॅमेऱ्यामुळेच काही गोष्टी बाहेर येतात. मग मीही हार मानली. माशी व्हायचा विचार सोडला आणि पाने उचलायला लागलो.

तो हिवाळा मजेत गेला. नाना पेठेत फ्युएल पंपाचं किट शोधत आम्ही एक अख्खी सकाळ हिंडलो. "साहेब, फियाटचं? आता कुठलं!" असं म्हणत म्हणत तिसऱ्या दुकानदारानं माळ्यावरून धुळीनं माखलेलं खोकं काढलं तेव्हा फिटरच्या चेहऱ्यावर जे काही उमटलं ते लग्नातल्या फोटोतही नाही (हे वहिनींचं मत). चाचांच्या गॅरेजमध्ये गेलो. चाचा म्हणजे बाबांच्या काळापासूनचे मेकॅनिक, आता सत्तरी ओलांडलेले. ते इंजिनवर हात ठेवून डोळे मिटतात आणि कुठल्या सिलिंडरमध्ये मिसिंग आहे ते सांगतात. मी त्यांना विचारलं, "चाचा, कसं कळतं तुम्हाला?" ते म्हणाले, "साहब, तुमको बच्चे का रोना समझता है ना? भूक का अलग, नींद का अलग. वैसेच."

बाबांच्या वह्यांबद्दलही तेव्हाच कळलं. बाबा २०११ साली गेले. गाडी घेतल्या दिवसापासून त्यांनी पेट्रोलचा हिशोब लिहून ठेवला होता. तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये, आणि शेवटचा रकाना 'शेरा'. एकही नोंद चुकलेली नाही. २०११ नंतर अक्षर बदलतं, रकाने तेच. आम्ही लोक लॉगिंगवर लेक्चरं देतो, इथे एका माणसानं चोवीस वर्षं पेन्सिलीनं लॉग ठेवला होता. मी त्या पानांचं सावकाश, खिडकीच्या उजेडात, फार सुंदर शूटिंग केलं. माझ्या मते फिल्ममधला सगळ्यात चांगला शॉट.

कथेला एक धागाही आपोआप मिळाला. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण. १९७९ ची गाडी म्हणजे १९९४, ९९, २००४... असं करत २०२४ च्या ऑगस्टमध्ये परत पाळी येणार होती. एप्रिल २०२२ पासून त्याची फी ६०० वरून ५,००० झाली होती (२०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या गाड्यांना ती १०,००० झाली). शिवाय पर्यावरण कर, शिवाय फिटनेसला गाडी नीट हवी. ठेवायची की काढायची? फिटर म्हणायचा, "अजून पाच वर्षं काढली पाहिजेत. पन्नास पूर्ण झाली की कायद्यानं व्हिंटेज. २०२१ चा नियम आहे. तोपर्यंत नुसतीच म्हातारी." आणि मग स्वतःच म्हणायचा, "पण व्हिंटेज झाली की रोज चालवता नाही येत. मग काय, पूजा करू?"

२०२४ च्या मे महिन्यात आम्ही वाईला निघालो. शेवटचा सीन म्हणून. पहाटे निघायचं ते नऊ वाजले (माझ्यामुळे), आणि खंबाटकीचा घाट चढताना अकराच्या उन्हात गाडी आचके देत बंद पडली.

फिटर शांत. "व्हेपर लॉक," म्हणाला. उष्णतेनं पंपातल्या पेट्रोलची वाफ होते, पंप ती ढकलू शकत नाही, इंजिन उपाशी राहतं. उपाय एकच. पंपावर ओला फडका टाकायचा आणि वाट बघायची. त्यानं पिण्याच्या बाटलीतलं पाणी फडक्यावर ओतलं, मी फोन कठड्यावर ठेवून बॉनेटकडे रोखला, आणि आम्ही दोघं बाजूला झाडाच्या सावलीत जाऊन बसलो. माइक त्याच्या कॉलरला होता. ट्रक पहिल्या गिअरमध्ये कण्हत वर चढत होते.

बसल्या बसल्या मी विचारलं. प्रश्नांच्या यादीतलाच होता, नंबर सात. "एवढं वेड आहे तर तू गाड्यांच्या लाइनमध्ये का नाही गेलास रे?"

तो माझ्याकडे बघायला लागला. "हे तू विचारतोयस?"

"म्हणजे?"

"जानेवारी २००५. मेसच्या मागचा कट्टा. माझ्या हातात भोसरीच्या कंपनीचं पत्र होतं. ट्रेनी, साडेचार हजार. आणि तू तुझ्याबरोबर माझाही कॅम्पसचा फॉर्म भरून घेऊन आला होतास. फक्त सही कर म्हणालास. मी म्हटलं, अरे पण मला गाड्यांमध्ये जायचंय. तू काय म्हणालास आठवतंय?"

मला खरंच आठवत नव्हतं. फॉर्म आठवत होता, तोही अंधुक. कट्टासुद्धा आठवत नव्हता.

"म्हणालास, गाड्या काय, रविवारी कर."

एक ट्रक गेला. मग तो म्हणाला, "करतोय. रविवारी."

मला काय बोलावं सुचेना. शेवटी विचारलं, "राग आहे का?"

"छे रे, राग कसला. घर झालं, आईचं ऑपरेशन झालं, पोरीची शाळा चाललीय. आणि सही माझी होती, तू काय हात धरून करून घेतली नाहीस. पण इतकी वर्षं मला वाटायचं, तुला ते माहीत आहे. तू विसरलायस हे आत्ता कळलं. त्याचं वाटलं जरा."

पाऊण तासानं गाडी सुरू झाली. वाईपर्यंत मी माशी होतो. आदर्श माशी.

एडिटिंगला बसलो तेव्हा हातात सव्वाअकरा तासांचं फूटेज होतं. रोज रात्री ऑफिसचं काम संपवून बसायचो. फाइलींची नावं फायनल, फायनल२, फायनल_खरंच, अशी सगळी यथासांग झाली. आणि हळूहळू मी माझा आवाज काढत गेलो. आधी 'हं', 'अच्छा' काढले. मग प्रश्न काढले. मग माझी पाठ. मग शिव्या (त्या मलाच होत्या). कोडमधला डेड कोड काढल्यासारखं सगळं स्वच्छ होत गेलं. घाटाच्या क्लिपला आलो आणि ती टाइमलाइनवर न घेताच पुढे गेलो. कारण? ट्रकचा आवाज फार आहे. चित्रात तर काहीच नाही, नुसतं उघडं बॉनेट आणि ओला फडका. टेक्निकली निकामी क्लिप. एवढं पुरेसं होतं मला.

बारा मिनिटांची गोंडस फिल्म तयार झाली. वेडा माणूस, जुनी गाडी, खिडकीच्या उजेडातल्या वह्या, शेवटी सूर्यास्त.

त्या पॅरिसच्या फिल्ममध्ये शेवटी एक गंमत आहे. ज्यांना शूट केलं त्या सगळ्यांना बसवून त्यांचंच फूटेज दाखवतात आणि त्यांचं काय म्हणणं आहे तेही शूट करतात. कोणी म्हणतं हे खोटं वाटतं, कोणी म्हणतं हे फारच उघडंनागडं आहे. मला वाटलं, आपणही करू. त्यात काय! एका शनिवारी फिटरच्या घरी टीव्हीला लॅपटॉप जोडला. काकू, वहिनी, त्याची मुलगी, आणि खास बोलावलेले चाचा. वहिनींनी भेळ केली होती.

फिल्म संपली. टाळ्या वगैरे झाल्या. चाचा म्हणाले, "मैं इतना बुढ्ढा दिखता हूँ?" आणि काकूंनी, अगदी सहज, विचारलं, "अरे, पण ह्यात हा बोलतोय कोणाशी? भिंतीशी?"

सगळे हसले. मीही हसलो. मग वहिनी म्हणाल्या, "आणि ते घाटातलं कुठे गेलं? त्या दिवशी घरी आल्यावर तेच तर सांगत होते."

मी म्हटलं, "ऑडिओ खराब आला हो."

फिटर काही बोलला नाही. मला सोडायला खाली आला. पार्किंगमध्ये फियाटच्या बॉनेटला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "चांगली झालीय. पण तुझ्या सोयीची झालीय."

मी वाद घातला. म्हटलं, फिल्म तुझ्यावर आहे, माझ्यावर नाही. मी मध्ये कशाला? तो म्हणाला, "मी वेडा आहे एवढंच दिसतंय त्यात. वेडा का राहिलो ते नाही. लोक बघतील आणि म्हणतील, काय छंद आहे बुवा! छंद नव्हता रे तो."

ह्यावर काय उत्तर देणार?

मग तो म्हणाला, "आणि अजून एक. बाबांच्या वह्या काढ. ती पानं नकोत. तो हिशोब त्यांचा आहे, त्यांनी कोणाला दाखवायला नव्हता लिहिला." वह्या होत्या एवढं सांगायला त्याची हरकत नाही, म्हणून इथे लिहिलं. पण दाखवायच्या नाहीत.

म्हणजे माझा सगळ्यात सुंदर शॉट जाणार आणि सगळ्यात भिकार क्लिप येणार. त्या रात्री मला खरं सांगायचं तर त्याचा राग आला. फुकटात फिल्म करतोय, वर ह्याच्या अटी! माझ्या सात महिन्यांच्या रविवारांचं काय?

सात महिन्यांचे रविवार. हे मनात आलं आणि मीच थबकलो. त्याचे एकोणीस वर्षांचे होते.

आनंद पटवर्धनांचा 'हमारा शहर' हा १९८५ सालचा माहितीपट मुंबईतल्या झोपड्या पाडण्यावर आहे. त्यात एक बाई चिडून कॅमेऱ्यामागच्या माणसालाच सुनावते, की तुम्ही फोटो काढून नाव कमवाल, आमचं काय? आणि पटवर्धनांनी ते फिल्ममध्ये तसंच ठेवलंय. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं होतं, वा, काय प्रामाणिकपणा! तो प्रामाणिकपणा नेमका किती जड असतो ते एडिटिंग टेबलावर स्वतःची क्लिप उचलताना कळलं. आणि माझं तर प्रकरण केवढंसं! नाही कोणाचं घर पडलेलं, नाही कोणी सरकार. दोन मित्र आणि एक फॉर्म. तरी हात जड झाला होता.

१९६७ साली कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डानं फोगो नावाच्या बेटावरच्या कोळ्यांबरोबर फिल्म्स केल्या, त्यात पद्धतच अशी ठेवली होती की ज्याची फिल्म त्याला आधी दाखवायची आणि त्यानं हो म्हटल्यावरच बाहेर न्यायची. मी हे वाचलं होतं तेव्हा मला ते फक्त सौजन्य वाटलं होतं. आता वाटतं, त्याशिवाय 'सहभाग' ह्या शब्दाला काही अर्थ नाही. मी प्रश्न विचारले, पाना दिला, फ्रेममध्ये पाठ आली, म्हणजे माझा सहभाग झाला. पण कात्री एकट्या माझ्याच हातात असेल तर त्याचा सहभाग कुठे झाला?

तर पुन्हा सुरुवातीपासून बसलो. वह्या काढल्या. माझे प्रश्न परत टाकले, बारा-तेराच्या पान्यासकट. घाटाची क्लिप जवळजवळ न कापता ठेवली. साडेतीन मिनिटं नुसतं उघडं बॉनेट, फडक्यातून निघणारी वाफ आणि आमचे आवाज. ऑगस्टमध्ये गाडी आरटीओला पास झाली तोही सीन आला. निरीक्षकानं गाडीभोवती दोन चकरा मारल्या आणि मग हळूच विचारलं, "विकायची आहे का?" फिल्म सोळा मिनिटांची झाली. सूर्यास्त काढून टाकला.

दुसऱ्यांदा दाखवली तेव्हा भेळ नव्हती, नुसता चहा होता. घाटाचा भाग चालू असताना काकू एकदाच म्हणाल्या, "मला नव्हतं माहीत हे." फिटर म्हणाला, "तुला कशाला सांगायचं, तू रडली असतीस." त्या रडल्या नाहीत. चहाचे कप आत घेऊन गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. त्याच्या मुलीनं विचारलं, "काका, तुम्ही खरंच विसरला होतात?" मी हो म्हटलं. ती पुढे काही बोलली नाही, आणि मला ते बरं वाटलं नाही.

आता फिल्म चांगली झाली का? माहीत नाही. आठ-दहा घरांत आणि एकदा आमच्या बॅचच्या गेट-टुगेदरला दाखवली. मेकॅनिकलवाले बरेच जण शांत बसले होते. त्यातले बहुतेक माझ्यासारखेच आयटीत आहेत.

असो. कोणाला असं काही करायचं असेल तर मी शिकलेल्या दोन-तीन गोष्टी सांगतो. फोन पुरे होतो, महागड्या कॅमेऱ्याच्या मागे लागू नका. ज्याच्यावर फिल्म आहे त्याला पहिली कच्ची प्रत दाखवा, शेवटची नाही. शेवटची दाखवली की तो भिडेखातर छानच म्हणतो. आणि दुसरा माइक आणा. पहिल्या दिवसापासून तो स्वतःच्या कॉलरला लावा.

मी लावला नव्हता. मी कुठे फिल्ममध्ये असणार होतो! त्यामुळे घाटात माझा आवाज त्याच्या माइकमध्ये लांबून, ट्रकच्या घरघरीत बुडालेला आलाय. नंबर सातचा प्रश्न तर ऐकूच येत नाही, खाली अक्षरं द्यावी लागली. त्याचं उत्तर मात्र स्वच्छ ऐकू येतं.